गंजालाही जागा लागते

ऐतिहासिक मालिकांसाठी हल्ली तलवारी सुरेख घडवतात. पण जुनेपणा आणायचा म्हटलं की सबंध पात्यावर तपकिरी रंगाचा एकसारखा हात फिरवतात, आणि इतकी मेहनत वाया जाते. लोखंड असं सरसकट गंजत नाही.

केंब्रिजचे युलिक इव्हान्स यांनी 1920 च्या दशकात यावर फार देखणा प्रयोग केला. घासलेल्या लोखंडी पत्र्यावर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा, त्यात फेनॉल्फ्थॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड ही रंग बदलून खूण देणारी रसायनं मिसळायची. थोड्या वेळाने थेंबाचा मध्य निळा होतो आणि कडा गुलाबी. हवेतला ऑक्सिजन कडेला सहज पोचतो, मधोमध त्याचा तुटवडा असतो. मध्यभागी लोखंडाचे अणू दोन-दोन इलेक्ट्रॉन मागे ठेवून पाण्यात उतरतात; निळा रंग त्या लोह-आयनांची, म्हणजे विद्युतभार असलेल्या कणांची, खूण. सुटलेले इलेक्ट्रॉन धातूतूनच कडेला जातात आणि तिथे ऑक्सिजन व पाण्यापासून हायड्रॉक्सिल आयन तयार होतात. गुलाबी रंग त्यांची खूण. दोघांची गाठ मधल्या वाटेवर पडते आणि तिथे गंजाचं कडं उमटतं. म्हणजे धातू झिजतो एकीकडे, गंज साचतो दुसरीकडे! एवढ्याशा थेंबात अख्खा विद्युत घट चालू असतो. मिठामुळे आयनांची ये-जा सोपी होते, शिवाय क्लोराइड धातूवरचा संरक्षक थर फोडतं.

आता तलवारीकडे बघा. पातं मुठीत शिरतं ती फट, खिळ्यांच्या टोप्यांखालची जागा, चिकटलेल्या धुळीखालचा ओलावा, इथे ऑक्सिजन कमी, म्हणून खड्डे इथे. हाताने किंवा म्यानाने सतत घासले जाणारे उंचवटे मात्र चकचकीत राहतात.

नकली तलवार साध्या पोलादाची असेल तर खराच गंज आणावा. ॲसिटोनने तेलकटपणा काढून, पॉलिश पेपरने घासून, व्हिनेगर, 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड आणि मीठ यांचं मिश्रण ठिपक्याठिपक्यांनी उडवायचं. काही मिनिटांत नारिंगी रंग दिसू लागतो. हे काम उघड्यावर, हातमोजे आणि चष्मा घालूनच करा. मिश्रण बंद बाटलीत ठेवू नका, आत वायूचा दाब वाढतो. हवा तेवढा गंज आला की खायच्या सोड्याच्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मेण चढवायचं आणि उंचवटे स्टील वूलने उजळायचे. म्यानाचे ओरखडे पात्याच्या लांबीच्या दिशेने हवेत, आडवे नकोत.

गंज इतक्या झटपट येतो, म्हणूनच ‘अस्सल शिवकालीन’ म्हणून गंजकी तलवार विकणाऱ्यावर केवळ गंज बघून विश्वास ठेवू नये. उलट टोक दिल्लीच्या लोहस्तंभाचं. सुमारे 1600 वर्षं उघड्यावर उभा आहे, तरी फारसा गंजलेला नाही, म्हणून त्याच्याभोवती गूढ धातूच्या आणि हरवलेल्या विद्येच्या कथा रचल्या जातात. त्याच्या लोखंडात फॉस्फरस जास्त आहे; त्यामुळे पृष्ठभागावर घट्ट संरक्षक थर बसतो, आणि दिल्लीची बरीचशी कोरडी हवाही मदतीला येते. पाठ टेकून हात मागे जुळले की नशीब फळफळतं, या समजुतीने लोक त्याला कवटाळत राहिले. त्या उंचीवरचा पट्टा वेगळा दिसू लागला, शेवटी 1997 मध्ये भोवती कुंपण घालावं लागलं. माणसांच्या अंगाने झिजलेला धातू कसा दिसतो, याचा याहून चांगला नमुना मालिकांसाठी नकली वस्तू बनवणाऱ्याला मिळायचा नाही.

स्टेनलेस स्टीलवर मात्र हा खटाटोप फारसा लागू पडत नाही. त्यात किमान 10.5 टक्के क्रोमियम असतं, आणि त्याचा ऑक्साइडचा थर खरचटला तरी पुन्हा धरतो. ॲल्युमिनियमचा ऑक्साइड पांढुरका. त्यावर तपकिरी गंज रंगवला की जाणकार लगेच ओळखतो.