नैराश्यविरोधी औषधोपचार : चयापचय व शोथ

नैराश्यावरील औषधांमुळे वजन, रक्तशर्करा व मेद यांत होणारे बदल आणि शरीरातील मंद शोथाशी असलेला त्यांचा संबंध. येथे ‘शोथ’ म्हणजे डोळ्यांना दिसणारी सूज नव्हे. सी-रिॲक्टिव्ह प्रथिन (सीआरपी), इंटरल्यूकिन-६ यांसारख्या रक्तातील दर्शकांची रेंगाळणारी किंचित वाढ अभिप्रेत आहे. काही लेखक ‘दाह’ म्हणतात; बोलीत त्याचा अर्थ जळजळ असा होत असल्याने तो शब्द टाळला आहे.

नैराश्य व शोथ यांची सांगड घालण्याचे श्रेय सामान्यतः आर. एस. स्मिथ यांच्या १९९१ मधील महाभक्षी पेशींच्या (मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींच्या) सिद्धांताला दिले जाते. त्याच सुमारास बेल्जियममध्ये मायकेल मेस यांचेही काम चालू होते, त्यामुळे एकाच नावावर बोट ठेवणे कठीण आहे. काविळीच्या ‘सी’ प्रकारावर इंटरफेरॉन-आल्फा हे रोगप्रतिकारशक्ती चेतवणारे औषध घेणाऱ्या अनेकांना नैराश्य येई, हा या मताला मिळालेला मोठा आधार. शोथामुळे ट्रिप्टोफॅन हे ॲमिनो अम्ल सिरोटोनिन या मनःस्थितीशी निगडित मेंदूतील रसायनाकडे न जाता कायन्युरेनिन या दुसऱ्या रसायनाच्या मार्गाला वळते, असे स्पष्टीकरण दिले जाते. तथापि सीआरपी लिटरमागे ३ मिग्रॅ.हून अधिक असलेले रुग्ण सुमारे चतुर्थांशच भरतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ६० रुग्णांच्या चाचणीत इन्फ्लिक्सिमॅब हे शोथरोधक एकंदरीत निष्फळ ठरले; सीआरपी ५ मिग्रॅ.च्या वर असलेल्यांना मात्र लाभाची चिन्हे दिसली. शोथ हे सर्वांच्या नैराश्याचे मूळ नसून काहींपुरता घटक असावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

उपचारानंतर इंटरल्यूकिन-६ माफक उतरते, असे अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणांत दिसते. ही घट औषधाची की आजार ओसरल्याची, हे त्यावरून ठरत नाही. चयापचयावरील परिणाम औषधागणिक बदलतो. मिर्टाझापीन व ॲमिट्रिप्टिलीन हिस्टामीन या रसायनाचे एच-१ ग्राही (पेशींवरील संदेश घेणारी स्थाने) अडवतात, त्यामुळे भूक व वजन वाढते. पॅरॉक्सेटीननेही वजन वाढते. फ्लुओक्सेटीनने सुरुवातीला ते थोडे घटू शकते, बुप्रोपिऑननेही घटते.

विदर्भातील कापूसपट्ट्यात, अमरावती जिल्ह्यातील ३० गावांत राबवलेल्या ‘विश्राम’ या मानसिक आरोग्य उपक्रमात नैराश्यासाठी मदत घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेले. गावात मात्र या औषधांना सरसकट ‘झोपेची गोळी’ म्हणतात. ॲमिट्रिप्टिलीनने गुंगी येते, त्यामुळे त्याच्यापुरते ते अगदीच चुकीचे नाही. पूर्व विदर्भात सिकलसेल व हत्तीरोग आढळतात. सिकलसेलच्या रुग्णात सीआरपी एरवीही चढलेले असू शकते आणि हत्तीरोगात ताप व सूज उसळली की ते वाढते. तेव्हा एकट्या आकड्यावरून नैराश्याचा शोथ वाचता येत नाही. सिकलसेलमध्ये तांबड्या पेशी लवकर नष्ट होत असल्याने ‘तीन महिन्यांची साखर’ही (एचबीए१सी) खोटी कमी दिसते, म्हणून अशा रुग्णाची उपाशीपोटी साखर, वजन व कंबरेचा घेर औषध सुरू करण्यापूर्वी नोंदवून ठेवणे इष्ट.