किल्लीविना कुलूप उघडणारी हत्यारे नेमके काय शोधतात?

किल्ली न वापरता कुलूप उघडण्याची हत्यारे दिसायला अगदी साधी असतात: टोकाशी किंचित वाकवलेल्या काही पोलादी पट्ट्या आणि काटकोनात वळवलेली एक चपटी तार. ही हत्यारे किल्लीची नक्कल करत नाहीत. कुलूप घडवताना कारखान्यात राहून गेलेली सूक्ष्म तफावत शोधणे हे त्यांचे काम असते, आणि अशी तफावत पूर्णपणे टाळता येत नाही म्हणूनच त्यांचा उपयोग होतो.

फ्लॅटच्या दाराला सर्रास दिसणारे लॅचचे कुलूप पाहू. त्याची आजची रचना लायनस येल (धाकटे) या अमेरिकी संशोधकाने १८६० च्या दशकात घेतलेल्या पेटंटांमधून रूढ झाली. आत एक फिरणारा दंडगोल आणि त्याच्याभोवती स्थिर कवच असते. दोन्हींतून जाणाऱ्या पाच-सहा भोकांत प्रत्येकी दोन पिना एकीवर एक बसवलेल्या असतात आणि स्प्रिंग त्यांना वरून दाबून धरते. वरची पिन दंडगोल व कवच यांच्या सीमेवर आडवी येत असल्यामुळे दंडगोल फिरत नाही. योग्य किल्लीच्या खाचा प्रत्येक जोडी इतकीच उचलतात, की दोन पिनांमधला सांधा बरोबर त्या सीमेवर येतो.

सगळी भोके एका रेषेत आणि सगळ्या पिना सारख्याच जाडीच्या असत्या, तर एकेक पिन वेगळी हाताळणे अशक्य झाले असते. प्रत्यक्षात मिलिमीटरच्या काही शतांशांचा फरक राहतोच. त्यामुळे वळवलेल्या तारेने, म्हणजे टेन्शन रेंचने, दंडगोलाला हलका पीळ दिला की सगळ्या पिना एकदम न अडकता एकच पिन आधी अडकते. आकड्यासारख्या टोकाच्या पट्टीने चाचपताना इतर पिना स्प्रिंगच्या जोराने सहज खालीवर होतात आणि ही एक मात्र घट्ट लागते. ती सीमेपर्यंत उचलली की बारीकशी टिक जाणवते, दंडगोल केसभर फिरतो, वरची पिन त्याच्या काठावर टेकून राहते आणि मग दुसरी पिन अडकते. नवख्याचे लक्ष आकड्याकडे असते, पण खरे कौशल्य पीळ देणाऱ्या बोटात आहे. पीळ जास्त झाला तर सगळ्याच पिना आवळल्या जातात आणि काहीच कळेनासे होते.

नागमोडी धारेची रेक नावाची पट्टी अशी पारख करत नाही, ती पुढेमागे फिरवून पिना जागेवर बसण्याची शक्यता वाढवते. पिक-गन मात्र संवेगाच्या नियमावर चालते. कॅरममध्ये एकमेकींना चिकटलेल्या दोन सोंगट्यांपैकी अलीकडच्या सोंगटीला स्ट्रायकर बसला की पलीकडची उडते, तसा खालच्या पिनांना बसलेला फटका वरच्या पिना उडवतो, आणि त्या क्षणभराच्या फटीत दंडगोल फिरवून घेता येतो.

तफावत शोधण्याचे हे तत्त्व येलच्या पेटंटांआधीचे आहे. जोसेफ ब्रामा यांचे १८ सरकत्या पट्ट्यांचे कुलूप लंडनच्या पिकॅडिलीतील दुकानात १७९० पासून मांडलेले होते आणि ते उघडणाऱ्यास २०० गिनींचे बक्षीस होते. १८५१ च्या महाप्रदर्शनासाठी आलेल्या ए. सी. हॉब्ज या अमेरिकी कुलूपतज्ज्ञाने ते १६ दिवसांत विभागलेल्या सुमारे ५१ तासांच्या कामानंतर उघडले. त्याच वर्षी त्याने चब या इंग्लिश कंपनीचे प्रसिद्ध लिव्हर कुलूपही, म्हणजे एका टोकाशी अडकवलेल्या, वरखाली होणाऱ्या पट्ट्यांचे कुलूप, अर्ध्या तासाच्या आत उघडून दाखवले. आपल्याकडच्या कुलपांवर 'सात लिव्हर' असे कोरलेले असते, ती याच जातीची. त्यांतही एका तारेने बोल्टवर, म्हणजे कुलूप बंद ठेवणाऱ्या दांड्यावर, दाब ठेवून दुसरीने एकेक लिव्हर योग्य उंचीवर आणावा लागतो. फरक इतकाच, की तिथे पिनांऐवजी लिव्हरांच्या खाचा जुळवायच्या असतात.

निर्मात्यांनी यावर काढलेला एक उपाय मला फार बुद्धिमान वाटतो. चांगल्या कुलपांत वरच्या काही पिना मधोमध कोरून रिळासारख्या केलेल्या असतात. अशी पिन अर्धवट उचलली की दंडगोल तिच्या खोबणीत शिरून चांगला जाणवण्याइतका फिरतो आणि कुलूप उघडतच आले असे वाटते, पण प्रत्यक्षात तो तिथेच अडकलेला असतो. सुटका करून घ्यायची तर पीळ सैल करून दंडगोल थोडा मागे येऊ द्यावा लागतो, आणि तसे करताना आधी बसवलेल्या साध्या पिना बहुधा पुन्हा खाली पडतात.