जुना स्किड-स्टीअर लोडर : पुनर्बांधणी व देखभाल

स्किड-स्टीअर लोडर हे स्टिअरिंग नसलेले, बकेट लावलेले छोटे यंत्र आहे. त्याची चारही चाके सरळ जखडलेली असतात. डाव्या आणि उजव्या बाजूच्या चाकांचा वेग कमीजास्त केला की यंत्र जमिनीवर टायर घासत वळते. एक बाजू पुढे व दुसरी मागे फिरवली तर जागच्या जागी गिरकी घेते. नाशिक परिसरातल्या गॅरेजांत कोणत्याही बनावटीच्या अशा यंत्राला ‘बॉबकॅट’ म्हणतात. फाउंड्रीतली वाळू, गोठ्यातले शेण, पोल्ट्रीतली कोंबड्यांखालची जुनी गादी, शेडमधला राडारोडा अशा जागी, जिथे जेसीबीला वळायलाही वाव नसतो, तिथे त्याचा उपयोग.

या यंत्राचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यातल्या रॉथसे गावी सिरिल आणि लुईस केलर या बंधूंनी १९५७ मध्ये टर्की पाळणाऱ्या एका शेतकऱ्यासाठी तीनचाकी लोडर बनवला. खुराडा दुमजली होता. यंत्र खांबांमधून वळले पाहिजे आणि वरच्या मजल्याला पेलेल इतके हलके पाहिजे, अशा त्याच्या अटी होत्या. १९५८ मध्ये नॉर्थ डाकोटातील ग्विनर येथील मेलरो कंपनीने हे यंत्र उत्पादनात घेतले. १९६० च्या एम-४०० मॉडेलला चौथे चाक आले आणि खरा स्किड-स्टीअर तयार झाला. ‘बॉबकॅट’ हे नाव १९६२ चे. केलर बंधूंचा समावेश अमेरिकेच्या नॅशनल इन्व्हेंटर्स हॉल ऑफ फेममध्ये २०२३ मध्ये झाला. सुरुवातीची यंत्रे क्लचवर चालत. पुढे हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावरची चाल आली, आणि आज दुरुस्तीला येणारी जुनी यंत्रे बहुतेक याच प्रकारची असतात.

अशा यंत्रात इंजिन दोन पिस्टन पंप फिरवते, प्रत्येक बाजूला एक. पंपाचे तेल त्या बाजूच्या हायड्रोलिक मोटरला जाते, मोटर स्प्रॉकेट (दातेरी चाक) फिरवते आणि तेलात बुडालेल्या चेन पुढचे-मागचे दोन्ही ॲक्सल ओढतात. एका बाजूची दोन्ही चाके चेनने बांधलेली असल्याने ती नेहमी सारख्याच फेऱ्यांनी फिरतात. म्हणून एका बाजूला एक नवा आणि एक झिजका टायर चालत नाही. व्यास वेगळे झाले की चाके एकमेकांना ओढतात आणि ताण चेनवर येतो. बकेट रिकामी असताना यंत्राचे जवळपास ७० टक्के वजन मागच्या चाकांवर असते, भरल्यावर ते पुढे सरकते. जे टोक हलके तेच वळताना घासते. ट्रकवर चढवतानाही जड टोक चढाच्या बाजूला ठेवतात, म्हणजे रिकामे यंत्र रिव्हर्समध्ये चढवायचे. ज्या घसटण्यामुळे यंत्र अडचणीत वळते, तेच त्याचे टायर, चेन आणि बेअरिंगे खाते.

जुने यंत्र हाती आले की रंगाचा डबा आधी उघडण्याची घाई फार जण करतात. ते चुकीचे आहे. पहिले काम धुलाई. पोटाखालच्या पत्र्यावर वर्षानुवर्षांची माती, तेल आणि कचरा थापलेला असतो. गोदाकाठच्या काळ्या मातीचा हा थर सुकला की छिन्नीनेच निघतो. लासलगाव-पिंपळगावकडे कांद्याच्या खळ्यांवर चाललेल्या यंत्रात रेडिएटरच्या जाळ्या पापुद्र्यांनी बुजलेल्या सापडतात; पोल्ट्रीतल्या यंत्रात अमोनियाने वायरिंगचे तांबे हिरवे पडलेले असते. हा थर केवळ घाण नव्हे. सुका कचरा, गळके तेल आणि तापलेला एक्झॉस्ट एकत्र आले की आग लागते, आणि स्किड-स्टीअर जळण्याचे हे नेहमीचे कारण आहे. धुतल्याशिवाय गळती कुठून आहे तेही कळत नाही.

त्यानंतर हायड्रोलिक तेल तपासायचे. दुधाळ तेल म्हणजे पाणी शिरले. पावसाळ्यात उघड्यावर उभ्या राहिलेल्या यंत्रात ते ब्रीदर कॅपमधून, म्हणजे टाकीच्या हवा घेणाऱ्या झाकणातून उतरते. तेलात पितळी चमक दिसली तर पंप किंवा मोटर आतून घासली आहे. अशा वेळी नुसता नवा पंप बसवणे म्हणजे पैसे पाण्यात. टाकी, कूलर, होज पूर्ण धुऊन फिल्टर बदलल्याशिवाय जुना चुरा नव्या पंपालाही संपवतो. थंड असताना जोरात चालणारे आणि तापल्यावर मऊ पडणारे यंत्र बहुधा पंप-मोटरच्या आतल्या झिजेने ग्रासलेले असते. दोन्ही बाजू सारख्याच मंद असतील तर आधी फिल्टर आणि चार्ज पंपाचा (मुख्य पंपांना तेल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचा) दाब पाहतात. एकच बाजू मंद असेल तर दोष त्या बाजूचा. उचललेला बूम (बकेट उचलणारे बाहू) आपोआप खाली येत असेल तर सिलिंडरचे सील किंवा कंट्रोल व्हॉल्व्ह गेलेला असतो.

सगळ्यात जास्त लेथकाम पिन-बुशमध्ये, म्हणजे सांध्यातला दांडा आणि त्याभोवतीची नळी यांत असते. बूम आणि बकेटचे सांधे ग्रीसशिवाय चालवले की गोल भोक अंड्यासारखे होते. मग बकेट डगडगते, नेमकेपणा जातो आणि वेल्डिंगला तडे पडतात. भोक वेल्डिंगने भरून लाईन बोरिंगने पुन्हा एका रेषेत आणावे लागते. नुसता जाड पिन ठोकून वेळ मारून नेण्याची पद्धत आहे, पण ती चार दिवसांची. इथे नाशिकचा फायदा होतो. सातपूर आणि अंबड या औद्योगिक वसाहतींमध्ये टर्निंग, ग्राइंडिंग, हीट ट्रीटमेंट करणारी छोटी वर्कशॉपे आहेत. ईएन-८ किंवा ईएन-१९ पोलादाचा पिन नमुना दाखवून करून मिळतो, सिलिंडरचा खड्डे पडलेला रॉड हार्ड क्रोम करून घेता येतो, होज मापाने क्रिंप होऊन येतो. कंपनीचा भाग बंद झाला म्हणून यंत्र भंगारात घालण्याची पाळी त्यामुळे क्वचित येते. पिस्टन पंपाचे आतले भाग मात्र लेथवर करू नयेत. तिथली फट मायक्रॉनमध्ये मोजतात.

चेन ज्या तेलाच्या पेटीत फिरतात त्या चेनकेसकडे सहसा कोणी बघत नाही. वेगळे तेल, झाकणाची वेगळी प्लेट, आणि काही वर्षे उघडलेलीच नाही, असे सर्रास असते. तळाशी पाणी आणि गंजाचा चिखल मिळाला तर ॲक्सलचे सील गेले आहेत. चेन ढिली झाली की दिशा बदलताना धक्का बसतो. काही मॉडेलांत ॲक्सल सरकवून ती ताणता येते, काहींत बदलणे हाच उपाय.

सुरक्षेबाबत एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सीटचा स्विच आणि सीटबार (ऑपरेटरच्या मांडीवर येणारा दांडा) ही कुलपे ऑपरेटर उठला की बूम आणि चाल थांबवतात. जुन्या यंत्रात ती हमखास ‘डायरेक्ट’ केलेली, म्हणजे तारा थेट जोडून निकामी केलेली असतात. यंत्राची बनावटच अशी की ऑपरेटर बूमच्या दोन बाहूंच्या मध्ये बसतो आणि बकेटवरून पुढूनच चढतो-उतरतो. जेसीबी कंपनीच्या स्किड-स्टीअरच्या अनेक मॉडेलांना एकच बाहू आणि बाजूला दार असते, हा अपवाद. म्हणजे बूम खाली आला तर माणूस त्याच्याच वाटेत असतो. तेव्हा इंजिनाच्या आधी ही वायरिंग पूर्ववत करावी. उचललेल्या बूमखाली काम करताना लोखंडी टेकू लावावाच, हायड्रोलिकच्या भरवशावर राहू नये. प्रणालीतला दाब २०० बारच्या आसपास असतो. होजच्या सुईएवढ्या छिद्रातून निघालेले तेल कातडीतून आत घुसते आणि जखम टिकलीएवढी दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागते. गळती हाताने चाचपू नये, पुठ्ठा धरून पाहावी.

रोजची देखभाल थोडकी आहे. आठ-दहा तासांच्या कामानंतर प्रत्येक निप्पलला नवे ग्रीस बाहेर येईपर्यंत ग्रीस मारणे, तेलाची पातळी पाहणे, रेडिएटर हवेने झाडणे, पोटातला कचरा काढणे. इंजिन ऑइल साधारण २५० तासांनी बदलतात. टायर (१०-१६.५ आणि १२-१६.५ ही मापे नेहमीची) वाचवायचे असतील तर काँक्रीटवर गिरकी घेणे टाळून थोडे पुढे-मागे करत वळावे. फाउंड्रीत पत्र्याच्या चुऱ्यामुळे भरीव टायर परवडतात, पण ते धक्के थेट सांगाड्याला देतात.

जुने यंत्र विकत घेताना अवरमीटरवर (चाललेले तास मोजणाऱ्या मीटरवर) विश्वास ठेवण्यात अर्थ नाही; तो बदललेला किंवा बंद असतो. पेडलची झीज, बकेटच्या धारेची जाडी आणि पिनमधली ढील हे खरे तास सांगतात. सांगाड्याला, विशेषतः बूमच्या मागच्या खांबांना, तडा असेल किंवा चेनकेसचा पत्रा आतून कुजला असेल तर किंमत कितीही उतरली तरी ते यंत्र सुट्या भागांसाठीच घ्यावे.