मध्यम पल्ल्याच्या धावपटूंवरील उत्तेजक-सेवनाचा संशय

मध्यम पल्ल्याच्या धावपटूंवरील उत्तेजक-सेवनाचा संशय : ८०० मीटर, १,५०० मीटर आणि मैल, तसेच काहींच्या वर्गीकरणानुसार ३,००० मीटर व स्टीपलचेस (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडण्याची शर्यत), या शर्यतींतील अव्वल कामगिरीमागे बंदी असलेली द्रव्ये किंवा पद्धती असाव्यात, असा पुराव्याने सिद्ध न झालेला परंतु क्रीडाक्षेत्रात गांभीर्याने घेतला जाणारा समज. चाचणीत दोषी ठरणे ही नियमांच्या चौकटीतील घटना असते. संशय त्याआधी सुरू होतो, कित्येकदा निकालानंतरही उरतो आणि काही वेळा अखेरपर्यंत कोणत्याच बाजूने निकालात निघत नाही. खेळाडू निर्दोष असेल तर ते सिद्ध करणारी कोणतीही चाचणी उपलब्ध नाही, हे या विषयाच्या मुळाशी आहे.

हा संशय याच शर्यतींभोवती दाट होण्यामागे शरीरशास्त्रीय कारण आहे. ८०० मीटर धावण्यास लागणाऱ्या ऊर्जेपैकी ढोबळमानाने दोन तृतीयांश आणि १,५०० मीटरसाठी सुमारे चार पंचमांश ऊर्जा प्राणवायूच्या साहाय्याने निर्माण होते. उरलेली ऊर्जा स्नायू प्राणवायूविना मिळवतात आणि अखेरच्या वळणावरचा वेग बव्हंशी तिच्यावर अवलंबून असतो. त्यामुळे रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता वाढवणारी एरिथ्रोपोएटिन अर्थात ईपीओसारखी द्रव्ये व रक्तसंक्रमण यांचा जसा येथे लाभ होतो, तसाच स्नायूंची ताकद आणि सरावानंतरची भरपाई वाढवणाऱ्या स्टेरॉइडांचाही होतो. शंभर मीटरच्या धावपटूला ईपीओचा फारसा उपयोग नाही आणि मॅरेथॉनपटूला जादा स्नायूंचे ओझे नको असते. मध्यम पल्ल्याला मात्र दोन्ही वाटा खुल्या आहेत.

संशयाचे जुने आणि अजूनही जिवंत उदाहरण म्हणजे चेकोस्लोव्हाकियाच्या यार्मिला क्राटोखविलोवा यांचा ८०० मीटरचा जागतिक विक्रम. २६ जुलै १९८३ रोजी म्यूनिकमध्ये त्यांनी नोंदवलेली १ मिनिट ५३.२८ सेकंदांची वेळ चार दशके उलटूनही मोडली गेलेली नाही. त्या कधीही चाचणीत दोषी आढळल्या नाहीत आणि त्यांनी आरोप सातत्याने नाकारले. तथापि, पूर्व युरोपातील सरकारपुरस्कृत उत्तेजक कार्यक्रमांची कागदपत्रे पुढे आल्यावर त्या काळातील सर्वच विक्रमांकडे पाहण्याची दृष्टी बदलली. २०१७ मध्ये युरोपीय ॲथलेटिक्स महासंघाने जुने विक्रम नव्या निकषांवर तपासावेत, असा प्रस्ताव मांडला. आंतरराष्ट्रीय महासंघाने नमुने जपून ठेवण्यास २००५ मध्ये सुरुवात केली असल्याने त्याआधीचे जवळपास सर्व विक्रम त्याने बाद झाले असते. एका फटक्यात दोषी आणि निर्दोष दोघांनाही पुसून टाकणारा हा उपाय अनेक माजी विक्रमवीरांना अपमानास्पद वाटला आणि तो अमलात आला नाही.

दुसरे ठळक प्रकरण चीनमधील आहे. सप्टेंबर १९९३ मध्ये बीजिंगच्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेत प्रशिक्षक मा जुनरेन यांच्या शिष्यांनी सहा दिवसांत जागतिक विक्रमांची अक्षरशः लयलूट केली. वांग जुनशिया यांनी १०,००० मीटरचा विक्रम जवळपास ४२ सेकंदांनी खाली आणला, छू युनशिया यांनी १,५०० मीटरमध्ये ३ मिनिटे ५०.४६ सेकंद अशी वेळ दिली आणि पुन्हा वांग यांनी ३,००० मीटरमध्ये ८ मिनिटे ०६.११ सेकंदांची नोंद केली. मा यांनी याचे श्रेय उंचावरील खडतर सरावाला, कासवाच्या रक्ताला आणि अळीवर वाढणाऱ्या एका औषधी बुरशीला दिले. त्यावर विश्वास ठेवणारे थोडेच होते. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपूर्वी रक्तचाचण्यांनंतर मा यांच्या सहा धावपटूंना चिनी संघातून वगळण्यात आले, परंतु १९९३ च्या धावांविषयी कोणताही औपचारिक निर्णय झाला नाही. १,५०० मीटरचा विक्रम २०१५ मध्ये मोडला गेला, तेव्हाही चर्चा नव्या वेळेच्या शुद्धतेचीच झाली.

संशयाला तारखांचाही आधार असतो. ईपीओ १९८९ मध्ये रुग्णांसाठी बाजारात आले, १९९० मध्ये त्यावर क्रीडाक्षेत्रात बंदी घातली गेली आणि ते ओळखणारी चाचणी प्रथम सिडनी ऑलिंपिकमध्ये, म्हणजे २००० साली, वापरली गेली. मधल्या दहा वर्षांत नियम होता, पण तो मोडणाऱ्याला पकडण्याचे साधन नव्हते. त्या दशकात प्रामाणिकपणे धावलेल्या व्यक्तीवरही या पोकळीची सावली पडते आणि ती झटकण्याचा कोणताही मार्ग तिच्याकडे नसतो.

चाचण्या सुधारल्यावर संशय ओसरेल, ही अपेक्षा फोल ठरली. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये १,५०० मीटरचे सुवर्णपदक जिंकणारे बहरीनचे रशीद रामझी पुढच्या वर्षी साठवलेल्या नमुन्याच्या फेरतपासणीत ईपीओच्या सेरा या प्रकारासाठी दोषी आढळले. त्यांचे सुवर्ण केनियाच्या ॲस्बेल किप्रोप यांच्याकडे आले. किप्रोप त्यानंतर तीन वेळा जगज्जेते झाले आणि नोव्हेंबर २०१७ च्या नमुन्यात ईपीओ आढळल्याने त्यांच्यावरही चार वर्षांची बंदी आली. फसवल्या गेलेल्या खेळाडूला न्याय मिळाल्याची कथा अशी उलटली की, पदकतालिकेत नाव वर सरकलेल्या प्रत्येकाकडे लोक साशंकतेने पाहू लागतात.

२००९ पासून लागू झालेल्या जैविक पासपोर्टाने पद्धत बदलली. यात विशिष्ट द्रव्याचा शोध घेण्याऐवजी खेळाडूच्या रक्तातील हिमोग्लोबिन, नवजात तांबड्या पेशींचे प्रमाण इत्यादी मूल्यांची वर्षानुवर्षे नोंद ठेवून त्यांतील अनैसर्गिक चढउतार तज्ज्ञांकडून तपासले जातात. म्हणजे संशयालाच येथे शास्त्रीय शिस्त लावली आहे. तरीही मर्यादा उरतात. उंच प्रदेशातील सरावाने हीच मूल्ये नैसर्गिकरीत्या बदलतात, तर अल्प मात्रेत घेतलेल्या ईपीओचे अंश लघवीतून लवकर नाहीसे होतात. म्हणून अचानक चाचणी घेता यावी यासाठी अव्वल खेळाडूंना दररोज एका तासाचा ठावठिकाणा आगाऊ कळवावा लागतो आणि बारा महिन्यांत तीन वेळा चूक झाली, तर कोणतेही द्रव्य न सापडताही बंदी येऊ शकते. २०१७ चे १,५०० मीटरचे जगज्जेते एलिजा मनांगोई यांच्यावर याच नियमाखाली दोन वर्षांची बंदी आली. विसराळूपणा आणि लपवाछपवी यांत हा नियम भेद करत नाही. तो करणे व्यवहारात शक्यही नाही.

संशय चुकल्याची उदाहरणे मोजकी असली तरी दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. ब्रिटनच्या ८०० मीटर धावपटू डायान मोडाल यांच्या १९९४ मध्ये लिस्बन येथे घेतलेल्या नमुन्यात टेस्टोस्टेरॉनचे प्रचंड प्रमाण आढळले. नमुना थंड जागी न ठेवल्याने जिवाणूंमुळे तो बिघडला असावा, हे पुढे मान्य झाले आणि त्या दोषमुक्त झाल्या, पण उमेदीची वर्षे गेली ती गेलीच. भारताच्या सुनीता राणी यांनी २००२ च्या बुसान आशियाई स्पर्धेत १,५०० मीटरचे सुवर्ण जिंकले, नँड्रोलोन या स्टेरॉइडाच्या आरोपावरून ते काढून घेतले गेले आणि प्रयोगशाळेच्या कामकाजातील त्रुटी उघड झाल्यावर परत देण्यात आले. चाचणीचा नमुना ‘अ’ आणि ‘ब’ अशा दोन भागांत ठेवतात आणि ‘अ’चा निष्कर्ष ‘ब’वर पडताळतात. २००३ मध्ये केनियाचे १,५०० मीटर धावपटू बर्नार्ड लगाट यांच्या ‘अ’ नमुन्यात ईपीओ आढळले, ‘ब’ नमुन्याने तो निष्कर्ष खोडून काढला. तोवर त्या वर्षीची जागतिक स्पर्धा हातची गेली होती. ऑस्ट्रेलियाचे पीटर बोल यांच्याबाबत २०२३ मध्ये जवळपास हेच घडले. ‘अ’ नमुन्याची बातमी जगभर पोहोचते आणि ‘ब’ नमुन्याची आतल्या पानावर विरते, हा यातील कायमचा अन्याय आहे.

दुसऱ्या बाजूला, चाचणीत सापडणाऱ्यांपेक्षा सेवन करणारे कितीतरी अधिक असावेत, असे मानण्यास आधार आहे. २०११ च्या देगू जागतिक स्पर्धेत ओळख गुप्त राखून केलेल्या पाहणीतून सुमारे ४४ टक्के खेळाडूंनी मागील वर्षभरात बंदी असलेले काही वापरले असावे, असा अंदाज निघाला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचण्यांत बंदी असलेले द्रव्य आढळणाऱ्या नमुन्यांचे प्रमाण मात्र साधारण एक-दोन टक्के असते. पाहणीची पद्धत वादातीत नाही, पण दोन आकड्यांमधील अंतर एवढे मोठे आहे की, ते केवळ पद्धतीच्या दोषाने भरून निघत नाही.

वेळ पाहून निष्कर्ष काढणे आता अधिकच अवघड झाले आहे. नव्या धाटणीचे उसळते बूट, धावपट्टीच्या कडेने वेग दाखवणारे दिवे आणि पोटाला सोसवेल अशा स्वरूपातील सोडियम बायकार्बोनेट हे तिन्ही वैध असून तिन्हींमुळे धावा जलद झाल्या आहेत. पॅरिस ऑलिंपिकच्या २०२४ मधील ८०० मीटर अंतिम शर्यतीत चौघांनी १ मिनिट ४२ सेकंदांच्या आत वेळ दिली. एवढ्यावरून कोणाविषयी काही ठरत नाही. लैंगिक विकासातील जन्मजात भिन्नतेमुळे असणाऱ्या नैसर्गिक संप्रेरकपातळीचा वादही अनेकदा उत्तेजकांच्या संशयात मिसळला जातो, वास्तविक दक्षिण आफ्रिकेच्या कॅस्टर सेमेन्या यांच्यासारख्या धावपटूंचा प्रश्न पात्रतेच्या नियमांचा आहे आणि त्यात सेवनाचा आरोप नाही. उलट त्यांनाच २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमधील ८०० मीटरचे सुवर्ण उशिरा मिळाले, कारण विजेत्या रशियाच्या मारिया साविनोवा यांचे पदक २०१७ मध्ये रद्द झाले. साविनोवा यांची कबुली चोरून चित्रित करणाऱ्या युलिया स्तेपानोवा या स्वतः ८०० मीटर धावपटू होत्या आणि त्यांनीही पूर्वी बंदी भोगली होती.

त्याच लंडन स्पर्धेतील महिलांची १,५०० मीटर अंतिम शर्यत या सर्व गुंत्याचा अर्क मानता येईल. विजेत्या अस्ली चाकिर अल्पतेकिन यांनी आधीच एक बंदी भोगली होती; चौथ्या आलेल्या तात्याना तोमाशोवा २००८ मध्ये लघवीचे नमुने बदलल्याच्या प्रकरणात निलंबित झाल्या होत्या. दहाव्या क्रमांकावर आलेल्या ब्रिटनच्या लिसा डोब्रिस्की यांनी शर्यत संपताच ही लढत समान पातळीवर झाली असे आपल्याला वाटत नाही, असे जाहीरपणे म्हटले आणि हरल्याची खदखद म्हणून त्यांच्यावर टीका झाली. पुढील वर्षांत पहिली, दुसरी, चौथी, सातवी आणि नववी आलेल्या धावपटू एकेक करून बाद ठरल्या. तोमाशोवा यांच्याविषयीचा निर्णय २०२४ मध्ये लागला, त्यामुळे मूळच्या सहाव्या शॅनन रोबरी बारा वर्षांनी तिसऱ्या झाल्या आणि डोब्रिस्की यांचे स्थान पाचवे ठरले.