अपघातप्रवण स्थळ (ब्लॅक स्पॉट)

रस्त्याच्या ज्या तुकड्यावर प्राणघातक अपघात पुनःपुन्हा होतात तो तुकडा. बोलण्यात ‘ब्लॅक स्पॉट’ हाच शब्द रूढ आहे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या व्याख्येनुसार राष्ट्रीय महामार्गाच्या सुमारे ५०० मीटर लांबीत तीन वर्षांत मिळून मृत्यू वा गंभीर दुखापतीचे ५ अपघात झाले किंवा १० जण दगावले, तर ते स्थळ या सदरात मोडते. यातला ‘किंवा’ अडचणीचा आहे. देवळा तालुक्यात मेशीजवळ २८ जानेवारी २०२० रोजी एसटी बस व रिक्षा विहिरीत कोसळून २६ जण दगावले. नाशिकच्या मिरची चौकात ८ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे खासगी बस पेटून किमान १२. दोन्हीकडे मृत्यूंचा आकडा एकाच घटनेत दहापार जातो. रस्त्याचा दोष शोधायचा तर पुनरावृत्ती मोजणारी पहिली कसोटी अधिक ग्राह्य वाटते.

अपघातानंतर ३० दिवसांच्या आत आलेला मृत्यूच अपघाती गणला जातो. २०२२ साली देशात असे १,६८,४९१ मृत्यू मंत्रालयाने नोंदवले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा आकडा थोडा अधिक आहे. जागतिक आरोग्य संघटनेचा २०२१ चा अंदाज तर दोन लाखांवर जातो. तो अंदाज आहे, नोंद नव्हे. तरी पोलीस ठाण्यापर्यंत न पोचलेले मृत्यू धरता तो अगदीच फेटाळता येत नाही.

कारणांच्या रकान्यात अतिवेगाचा वाटा सर्वाधिक, सुमारे ७० टक्के. मात्र ‘भरधाव वेगात, हयगयीने व अविचाराने’ हे शब्द फिर्यादीत जवळजवळ ठरलेले असतात. खड्डा, बंद दिवा, दुभाजकातली वाट यांना फिर्यादीत क्वचितच जागा मिळते. पंचनाम्यातही पूर्वी ‘अमुक फाट्याजवळ’ एवढेच असे, आणि त्यावरून ५०० मीटर आखणे कठीणच. आयआयटी मद्रासने विकसित केलेल्या ‘आयरॅड’ या अपघातनोंदीच्या संगणकीय प्रणालीत अक्षांश-रेखांश नोंदवले जातात. तिच्या पहिल्या टप्प्यातील राज्यांत महाराष्ट्र होता.

नाशिकची नोंद शहर आयुक्तालय व ग्रामीण पोलीस अशी विभागलेली आहे. मुंबईला जाणाऱ्या नाशिककराच्या तोंडी असलेला कसारा घाट बहुतांशी ठाणे जिल्ह्यात मोडतो. तिथले मृत्यू त्या जिल्ह्याच्या खाती पडतात.