कडक वेगळे, खडूस वेगळे

‘पोरांना काय, लाड करणारेच सर आवडतात!’ पालकसभेत हे वाक्य कुणीतरी म्हणतंच. नववीतल्या मुलीला विचारून बघा. ‘कडक’ कोण आणि ‘खडूस’ कोण, हे ती क्षणात सांगेल.

हा फरक मोजताही येतो. १९८०च्या दशकात नेदरलँड्समधल्या उट्रेख्त विद्यापीठात थेओ वुबल्स आणि सहकाऱ्यांनी माध्यमिक शाळेतल्या मुलांसाठी ७७ विधानांची प्रश्नावली केली. ‘हे शिक्षक पटकन चिडतात’ अशा धर्तीची विधानं, आणि असं कितीदा घडतं त्यानुसार गुण. तिच्यामागचा मूळ आराखडा, माणसं एकमेकांशी कशी वागतात याचा, टिमथी लिअरी या मानसशास्त्रज्ञाचा, १९५७चा. (हो, पुढे एलएसडी या अमली पदार्थाच्या प्रचारामुळे गाजला तोच!)

आराखडा म्हणजे एक वर्तुळ. उभा अक्ष प्रभावाचा: वर्ग कोणाच्या हातात आहे? आडवा जवळिकीचा: सर आपल्या बाजूचे की विरुद्ध? वर्तुळाचे ४५ अंशांचे आठ तुकडे. गंमत अशी की ‘नेतृत्व करणारे’ (त्या मुलीच्या भाषेत ‘कडक’) आणि ‘कठोर’ (तिच्या भाषेत ‘खडूस’) हे तुकडे शेजारी-शेजारी, उभ्या अक्षाच्या दोन बाजूंना साडेबावीस अंशांवर येतात. दहावीची त्रिकोणमिती आठवा, वर्तुळाची त्रिज्या १ धरा: दोघांचा प्रभाव सारखाच, ०.९२. जवळीक मात्र एकाची +०.३८, दुसऱ्याची −०.३८. अक्ष काटकोनात असल्यामुळे वर्गावरची पकड वाढली म्हणून जवळीक घटलीच पाहिजे असं नाही. उलट दोन्ही अक्षांवर वरचढ असलेल्या शिक्षकांच्या वर्गात मुलांची विषयाची गोडी सहसा जास्त आढळते.

‘पण मुलं सूड उगवतील की!’ एखादा उगवेलच. म्हणून एकाचं मत धरत नाहीत, वर्गाची सरासरी काढतात. कुणी रागानं कमी गुण देतो, कुणी लाडका म्हणून जास्त. अशा सुट्या चुका एकमेकींना खोडतात. ३६ मुलं असतील तर ही चूक एकट्याच्या मानानं सहाव्या हिश्शावर येते, कारण ३६चं वर्गमूळ ६. अख्ख्या वर्गानंच मिळून पूर्वग्रह धरला असेल, तर मात्र सरासरीही हात टेकते.

हीच प्रश्नावली शिक्षकांना स्वतःबद्दल भरायला दिली, तेव्हा बहुतेकांनी स्वतःला वर्गानं दिले त्याहून चांगले गुण दिले.