वालुकागिरींतील सायकल निसर्गफेरी

समुद्रकिनाऱ्यालगतच्या वाळूच्या टेकड्यांमधून, म्हणजे वालुकागिरींमधून, निसर्गाच्या जाणकार वाटाड्याबरोबर थांबत-थांबत केलेली सायकलफेरी. नेदरलँड्समध्ये हा प्रकार चांगला रुजला आहे. झाउड-केनेमरलंड राष्ट्रीय उद्यान, टेसेल बेट, स्खोर्लच्या ५० मीटरहून उंच टेकड्या, अशा ठिकाणी थेट टेकड्यांमधून सायकलवाटा जातात. काही वाटांवर शिंपल्यांचा चुरा दाबून बसवलेला असतो.

या भूभागाची खरी श्रीमंती त्याच्या क्रमात आहे. पुळणीलगतची टेकडी सर्वांत नवी आणि अजून सरकणारी. तिला धरून ठेवते ते मरम गवत. अंगावर ताजी वाळू पडत राहिली तरच ते जोमाने वाढते. वाळू यायची थांबली की खंगते. आत जावे तसा वारा मंदावतो, पाऊस वाळूतला चुना धुऊन नेतो आणि मॉस, दगडफूल व बुटके गवत यांनी टेकड्या करड्या दिसू लागतात. युरोपीय संघाच्या १९९२ च्या अधिवास निर्देशात, म्हणजे नैसर्गिक अधिवास जपण्याच्या नियमावलीत, या करड्या टेकड्यांना संरक्षणासाठी अग्रक्रमाचा दर्जा आहे. त्यांच्यापलीकडे झुडपे आणि शेवटी वन लागते. एवढा पट्टा पायीही पाहता येतो. सायकलीचा खरा उपयोग होतो तो किनाऱ्याला समांतर जाताना. स्खोर्लजवळच्या बेर्गेन गावाच्या दक्षिणेला वाळूत चुना भरपूर, म्हणून नारिंगी फळांचे काटेरी सी-बकथॉर्न माजलेले. उत्तरेला चुना कमी, म्हणून तिथे हीदर आणि क्रोबेरी ही बुटकी झुडपे. हा बदल एका दिवसात डोळ्यांनी पाहायचा तर सायकलीसारखे साधन नाही.

टेकड्यांमधल्या ओलसर खोलगट जागांवर वाटाड्याने हटकून थांबावे. तिथे ऑर्किड फुलतात, नॅटरजॅक भेकाची वीण होते. हे पाणी पावसाचे असते. वाळूत मुरलेले गोडे पाणी हलके असल्याने खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते. समुद्रसपाटीपासून त्याची पातळी १ मीटर वर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडे पाणी असू शकते. याच साठ्यातून १८५३ पासून ॲम्स्टरडॅमला नळाने पाणी मिळू लागले.

चांगला वाटाड्या गटाला आधी समोरच्या वाऱ्यात नेतो, म्हणजे थकल्यावर परतीला वारा पाठीशी असतो. थांबा वळणावर किंवा उतारावर न घेता मोकळ्या, सपाट जागी घेतो. वाट सोडू देत नाही, आणि इथे सवलत देऊ नये हेच योग्य. वाळूसरडा आपली अंडी उन्हाने तापलेल्या उघड्या वाळूत पुरतो. ती वरून दिसत नाहीत आणि एका चाकाखाली जाऊ शकतात. झाउड-केनेमरलंडच्या क्रान्सव्लाक भागात २००७ पासून युरोपीय गवे (बायसन) सोडलेले आहेत. तिथे अंतर राखणे हा सुरक्षिततेचाही प्रश्न असतो.

मात्र वाळू पूर्ण जखडून टाकणे हेही संवर्धन नव्हे. गवत खाणारे ससे रोगाने घटले, हवेच्या प्रदूषणातला नायट्रोजन जमिनीत मुरून खतासारखा लागला, आणि दाट गवताने उघडी वाळू झाकून टाकली. त्यावर उपाय म्हणून झाउड-केनेमरलंडमध्ये समुद्राकडच्या टेकड्यांना मुद्दाम खाचा पाडून वाऱ्याला पुन्हा वाट दिली गेली.

सगळीकडे सायकल नेता येत नाही. ॲम्स्टरडॅमच्या पाणीपुरवठ्याच्या टेकड्यांत पायी फिरणाऱ्याला वाट सोडूनही हिंडता येते, सायकलीला मात्र सर्वसाधारणपणे बंदी आहे.